नावात ‘अल्प’, राज्य अफाट

गोष्ट पी.एल. मधली. अभ्यास करायचा होता हीट ट्रान्स्फरचा. पण रात्रीचे दोन वाजले होते, चहाचा थर्मास कधीच रिकामा झाला होता आणि शेजारच्या रूममध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’ रंगात आलं होतं. आमच्या हॉस्टेलात हा गेम म्हणजे परंपराच. सीनिअर पास होऊन जातात, पण गेमचा फोल्डर ज्युनिअरच्या हार्ड डिस्कवर टाकूनच जातात! त्यात मँझिकर्ट नावाची एक लढाई आहे, सन १०७१. आपण तुर्कांकडून खेळायचं. मी तीन वेळा हरलो. चौथ्यांदा जिंकलो तेव्हा खिडकीबाहेर उजाडलं होतं आणि डोक्यात हीट ट्रान्स्फरऐवजी भलताच प्रश्न घोळत होता. ही लढाई खरोखर जिंकणारा माणूस कोण होता?

पेपर कसे गेले ते विचारू नका. पण सुट्टीत मी त्या माणसाच्या मागे लागलो, आणि जे वाचलं ते इथे सांगतोय.

तर मित्रांनो, त्याचं नाव अल्प अर्सलान. नावावर जाऊ नका. आपल्याकडे अल्प म्हणजे थोडं... अल्पबचत, अल्पोपहार वगैरे. तुर्की भाषेत अल्प म्हणजे वीर आणि अर्सलान म्हणजे सिंह. ही त्याची पदवी, मूळ नाव मुहम्मद. जन्म १०३० च्या आसपासचा. सेल्जुक घराण्याचा हा दुसरा सुलतान. राज्य केलं जेमतेम नऊ वर्षं, १०६३ ते १०७२. म्हणजे आपल्यातले काही महाभाग डिग्री पूर्ण करायला घेतात त्याच्यापेक्षा थोडीच जास्त!

या घराण्याची सुरुवात समजून घ्यायची तर आपल्या ओळखीच्या एका नावापासून सुरू करू. गझनीचा महमूद आपल्याला शाळेपासून माहीत आहे, १०२६ ची सोमनाथची लूट आपण पाठ केलेली असते. त्याच महमूदाच्या राज्याच्या उत्तर कडेला तेव्हा ओघुझ तुर्कांच्या टोळ्या मेंढ्या आणि घोडे घेऊन कुरणं शोधत फिरत होत्या. त्यातलंच एक सेल्जुक घराणं. महमूदाला त्यांचा धोका वाटला, म्हणून त्याने त्यांच्या प्रमुखाला, अर्सलान इस्राईलला, पकडून हिंदुस्थानातल्या एका किल्ल्यात डांबलं. तो तिथेच मेला. महमूदाच्या एका सरदाराने तर सल्ला दिला होता म्हणतात, की या लोकांचे अंगठेच छाटून टाका, म्हणजे धनुष्य ओढता येणार नाही. महमूदाने ते काही ऐकलं नाही.

अंगठे शाबूत राहिले. १०४० मध्ये मर्व्हजवळ दंदानकानच्या रणात महमूदाचा मुलगा मसूद आपली भली मोठी फौज आणि हत्ती घेऊन या मेंढपाळांवर चालून आला. फौज तहानेने आधीच अर्धमेली झालेली. सेल्जुकांनी पाण्याच्या जागा आपल्याकडे ठेवल्या आणि हलक्या घोडेस्वारीने तिचे लचके तोडत राहिले. मसूद पळाला आणि खुरासान प्रांत सेल्जुकांच्या हाती आला. हे यश दोन भावांचं होतं, तुघ्रुल आणि चघ्री. चघ्रीकडे पूर्व भाग आला, तुघ्रुल पश्चिमेकडे सरकत १०५५ मध्ये बगदादला पोहोचला आणि खलिफाकडून सुलतान म्हणवून घेऊ लागला. अल्प अर्सलान हा चघ्रीचा मुलगा. म्हणजे त्याचं बालपण तंबूत आणि तारुण्य राजवाड्यात गेलं. माझ्या मते त्याचं सगळं आयुष्यच या दोन गोष्टींच्या मध्ये अडकलेलं होतं.

१०६३ मध्ये तुघ्रुल मेला. त्याला मूलबाळ नव्हतं. मग नेहमीचंच सुरू झालं. जुन्या वजिराने अल्प अर्सलानच्या भावाला गादीवर बसवायचा घाट घातला. तिकडे कुतलमिश नावाचा एक नातेवाईक फौज घेऊन उठला. हा कुतलमिश म्हणजे हिंदुस्थानात कैदेत मेलेल्या त्या अर्सलान इस्राईलचा मुलगा. अल्प अर्सलानने त्याला हरवलं, आणि त्यातच कुतलमिश मेला. जुना वजीरही पुढे जिवानिशी गेला. कुतलमिशचा मुलगा सुलेमान मात्र वाचला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

नवा वजीर आला तो अबू अली हसन, तूस गावचा. त्याला पदवी मिळाली निजाम-उल-मुल्क, म्हणजे राज्याची व्यवस्था लावणारा. आपल्या मराठवाड्यातल्या मित्रांचे कान टवकारले असतील. बरोबर आहे, हैदराबादच्या निजामाला ज्यावरून निजाम म्हणत ती पदवी हीच, पण ती त्या घराण्याला मिळाली साडेसहाशे वर्षांनी. हा मूळचा निजाम-उल-मुल्क इराणी होता, हिशेबात आणि कारभारात मुरलेला. सुलतान घोड्यावर आणि वजीर दफ्तरात, अशी कामाची वाटणी झाली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

आता मुख्य मुद्दा. मेकॅनिकलवाल्यांना तो चटकन कळेल. या राज्याला एक जन्मजात दुखणं होतं. ज्यांच्या जोरावर राज्य मिळालं ते तुर्कमान टोळीवाले पगारी शिपाई नव्हते. ते बायकामुलं, तंबू आणि जनावरांसकट यायचे, आणि जगायचे कुरणांवर नि लुटीवर. राज्य मात्र आता इराणातल्या शेतकऱ्यांच्या साऱ्यावर चाललेलं. तुर्कमानांची मेंढरं शेतात घुसली की पीक गेलं, पीक गेलं की सारा गेला, सारा गेला की वजिराचं बजेट कोसळलं. बरं, या लोकांना हाकलायचं तर कसं? ते तर भाऊबंद! आज हाकललं तर उद्या कुतलमिशसारखा कोणीतरी त्यांना हाताशी धरून उठणार. वजिराने यावर पगारी गुलाम सैनिकांची कवायती फौज वाढवली. पण टोळ्या होत्याच, आणि मध्य आशियातून नव्या येतच होत्या.

आमच्या बॉयलर लॅबमध्ये सरांचा व्हायवाला हमखास येणारा प्रश्न आहे, की प्रेशर वाढत राहिलं आणि बाहेर पडायला वाटच नसेल तर काय होईल. अल्प अर्सलानने वाट काढून दिली. त्याने या टोळ्यांना वायव्येकडे, अझरबैजान, आर्मेनिया आणि त्यापलीकडच्या अनातोलियाच्या सीमेवर लोटलं. तिथे उंचावरची गार कुरणं होती आणि पलीकडे बायझंटाईन ख्रिश्चन साम्राज्य होतं. तिकडे लुटा, आमच्या शेतात नको! मी त्याच्या राज्यविस्ताराकडे असं बघतो. त्याला नकाशा मोठा करायचा होता, हे तर खरंच. पण तो न वाढवून त्याला चालणारही नव्हतं.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ बाहेर पडते तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, हेही सांगायला हवं. १०६४ मध्ये सुलतान स्वतः फौज घेऊन आर्मेनियातल्या अनी शहरावर गेला. अनी म्हणजे खोल दरीच्या कडेवरचं, दुहेरी तटबंदीचं, व्यापाराने गबर झालेलं शहर. एक हजार एक चर्चचं शहर अशी त्याची ख्याती. जवळजवळ महिनाभर वेढा पडला आणि ऑगस्टमध्ये शहर पडलं. पुढे कत्तल झाली आणि उरलेल्यांना गुलाम करून नेण्यात आलं. मेलेल्यांच्या राशींमुळे रस्त्यातून चालणं कठीण झालं होतं, असं मुसलमान इतिहासकारानेच लिहून ठेवलंय. तिथल्या मोठ्या चर्चवरचा क्रॉस खाली ओढला गेला आणि चर्चची मशीद झाली. बगदादेत आनंदीआनंद झाला. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. तोवर मी या माणसाला हीरो समजून वाचत होतो. गेममध्ये गाव जाळलं की फक्त धूर दिसतो आणि स्कोअर वाढतो. अनीचे अवशेष आजही आहेत, तुर्कस्तानच्या कार्स प्रांतात, आर्मेनियाच्या अगदी सीमेवर. २०१६ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. फोटोत नुसतं गवत दिसतं आणि मध्ये घुमट नसलेलं ते चर्च.

दोनच दिवसांनी पुस्तक परत उघडलं, कारण तोच माणूस दुसऱ्या पानावर वेगळा दिसत होता. १०६५ मध्ये तो थेट सिर दर्याकाठच्या जंदला जाऊन आपल्या पणजोबांच्या, म्हणजे त्या मूळ सेल्जुकच्या कबरीवर नतमस्तक होऊन आला. किरमानमधल्या सख्ख्या भावाने, कावुर्तने, बंड केलं, तर त्याला माफ करून त्याचा प्रांत त्यालाच परत दिला. आणि एक गोष्ट तर मला फारच आवडली. राज्य म्हटलं की गुप्तहेर आलेच, आणि जुन्या इराणी पद्धतीत तर प्रत्येक प्रांतात बातमीदार असायचे. अल्प अर्सलानने ते नेमायला नकार दिला. त्याचं म्हणणं असं, की माझे मित्र माझ्यावर विसंबून असतात, ते बातमीदाराला विचारणारही नाहीत. शत्रू मात्र त्याला पैसे चारतील. मग मला मित्रांची निंदा आणि शत्रूंची स्तुती ऐकू येत राहणार, आणि एक दिवस माझ्याभोवती शत्रूच उरतील. निजाम-उल-मुल्कने पुढे लिहिलेल्या ‘सियासतनामा’ या ग्रंथात हे नोंदवलंय. वजिराला स्वतःला मात्र ते पटलेलं नव्हतं! माझ्या रूम पार्टनरलाही पटलं नाही. त्याच्या मते हा भाबडेपणा झाला. आमचं या विषयावर मेसच्या रांगेत दोन दिवस भांडण चाललं.

वजीर तिकडे आपलं काम करत होता. १०६७ मध्ये त्याने बगदादमध्ये निजामिया मदरसा सुरू केला. शिक्षकांना पगार, विद्यार्थ्यांना राहायची सोय आणि वर विद्यावेतन. म्हणजे आपल्यासारख्या हॉस्टेलवाल्यांचे पूर्वजच की! पुढे गझालीसारखा मोठा विद्वान तिथे शिकवून गेला. इथून शिकून निघालेली मुलं काझी आणि कारकून व्हायची नि राज्य चालवायची. तलवारीने घेतलेला मुलूख फायलींनी धरून ठेवायची ही युक्ती.

आता मँझिकर्ट. सगळ्यात गंमत म्हणजे सुलतानाला ही लढाई नकोच होती. त्याचं लक्ष होतं इजिप्तवर. तिथे कैरोत शिया फातिमी खलिफा होता आणि सुन्नी सेल्जुकांच्या दृष्टीने खरा शत्रू तो. बायझंटाईनशी तह झाला असं धरून १०७१ च्या सुरुवातीला सुलतान दक्षिणेकडे निघाला. वाटेत एदेसाला, म्हणजे आजच्या उर्फाला, वेढा घातला, ते काही पडलं नाही. पुढे अलेप्पोच्या अमिराने शरणागती पत्करली. तेवढ्यात बातमी आली की बायझंटाईन सम्राट रोमानोस चौथा प्रचंड फौज घेऊन पूर्वेकडे निघालाय.

रोमानोस हा मूळचा सेनापती. १०६८ मध्ये विधवा सम्राज्ञीशी लग्न करून गादीवर आलेला. तुर्कमानांच्या लुटालुटीने त्याची प्रजा बेजार झाली होती, आणि दरबारातल्या दूकास घराण्याला तो डोळ्यांसमोर नको होता. त्याला एक मोठा विजय हवाच होता. त्याचं सैन्य म्हणजे सगळ्या जगाची खिचडी... ग्रीक, आर्मेनियन, फ्रँक, पेचेनेग, आणि उझ, म्हणजे चक्क ओघुझ तुर्कच!

सुलतान अलेप्पोहून उलटा फिरला. इतक्या घाईत, की युफ्रेटिस ओलांडताना कित्येक जनावरं बुडाली आणि फौजेतले बरेच लोक मागे गळाले. वजिराला त्याने मागे पाठवून दिलं आणि हाताशी होते तेवढे घोडेस्वार घेऊन व्हॅन सरोवराच्या उत्तरेला पोहोचला. इकडे रोमानोसने मँझिकर्टचा किल्ला घेतला, पण त्याआधीच आपल्या फौजेचा मोठा आणि चांगला भाग अहलातकडे पाठवून दिलेला. हा भाग लढाईत आलाच नाही, परस्पर निघून गेला. लढाईच्या तोंडावर उझांची एक तुकडी पलीकडे जाऊन आपल्या भाऊबंदांना मिळाली. सुलतानाने तहाचे दूत पाठवले. रोमानोसने नकार दिला. इतका खर्च करून आलेला माणूस रिकाम्या हाताने घरी कसा जाणार?

२६ ऑगस्ट १०७१, शुक्रवार. सुलतानाने पांढरे कपडे घातले, की मेलो तर हेच कफन. घोड्याच्या शेपटीला स्वतःच्या हाताने गाठ मारली. ज्याला जायचं असेल त्याने खुशाल जावं, आज इथे कोणी सुलतान नाही, असं सैन्याला सांगून तो साध्या शिपायासारखा रांगेत उभा राहिला, असं इतिहासकार सांगतात. मग तुर्कांनी आपलं नेहमीचं तंत्र वापरलं. चंद्रकोरीसारखी रांग, मधला भाग मागे मागे सरकतोय, दोन टोकांकडून बाणांचा मारा. बायझंटाईन फौज दिवसभर पुढे चालत राहिली आणि तिच्या हाती काहीच लागेना. संध्याकाळी छावणी फार मागे राहिल्याचं लक्षात येऊन रोमानोसने परत फिरायचा हुकूम दिला. निशाणं वळलेली पाहून मागच्यांना वाटलं, सम्राट पडला! पिछाडीवर होता अँड्रोनिकोस दूकास, त्याच विरोधी घराण्यातला. त्याने पुढे येऊन सम्राटाला सावरण्याऐवजी आपली तुकडी उचलली आणि तो सरळ घराकडे निघाला. सुलतान याच क्षणाची वाट बघत होता. फौजेबरोबर गेलेला बायझंटाईन न्यायाधीश अट्टालिएट्स याने हे सगळं लिहून ठेवलंय.

रोमानोस घोडा पडल्यावरही पायी लढला, हाताला जखम झाली आणि तो पकडला गेला. त्याला पकडणाऱ्या गुलाम शिपायाची कथा अशी सांगतात, की हजेरीच्या वेळी हा शिपाई अगदीच किरकोळ दिसतो म्हणून त्याला नापास केलं होतं. कोणीतरी रदबदली केली म्हणून तो फौजेत राहिला. खरी का खोटी ते असो, पण केटीवाल्यांना दिलासा देणारी आहे!

सम्राट समोर आणला तेव्हा सुलतानाचा विश्वासच बसेना. धुळीने माखलेला हा माणूस रोमचा बादशहा? ओळख पटवायला माणसं बोलवावी लागली. रिवाज म्हणून सुलतानाने त्याच्या मानेवर पाय ठेवला म्हणतात, आणि लगेच त्याला उठवून जवळ बसवलं. मी तुझ्या जागी असतो तर तू काय केलं असतंस, असं त्याने विचारलं. रोमानोसनेही लपवाछपवी न करता आपण वाईटच वागलो असतो असं सांगून टाकलं. आठवडाभर दोघं एकत्र जेवले. मग तह झाला. पंधरा लाख दीनार खंडणी, वर्षाला तीन लाख साठ हजार, काही सीमेवरची शहरं आणि मुलामुलीचं लग्न. आणि सम्राटाला सन्मानाने, सोबत पहारा देऊन घरी धाडलं.

इथे आमच्या रूमवर पुन्हा युद्ध पेटलं. पार्टनरचं म्हणणं, बादशहा हातात आला होता, फौज पळाली होती, कॉन्स्टँटिनोपलपर्यंत रस्ता मोकळा होता आणि हा गडी तह करून बसला! मी म्हटलं, अरे, त्याला कैरोला जायचं होतं. त्याला मागची बाजू शांत हवी होती. उपकाराखाली दबलेला, खंडणी देणारा, ओळखीचा सम्राट तिथे बसलेला असणं हे त्याच्यासाठी मुलूख जिंकण्यापेक्षा सोयीचं होतं. आणि अनातोलिया घेतला असता तर चालवायला कारकून कुठून आणणार? पार्टनर म्हणाला, मग तह टिकला का? इथे मला गप्प बसावं लागलं.

कारण तह टिकला नाही. रोमानोस घरी पोहोचायच्या आतच दूकास मंडळींनी त्याला पदच्युत केलं होतं. त्यांनी त्याला हरवलं, आणि १०७२ मध्ये त्याचे डोळे काढले. जखमा चिघळून तो मेला. शत्रूने जपलं आणि घरच्यांनी मारलं! तह करणारा माणूसच राहिला नाही, तर तह कसला. सीमेवर तुंबलेल्या तुर्कमानांना आता अडवणारं कोणी नव्हतं. बायझंटाईन सरदार गादीसाठी आपापसात लढत होते आणि एकमेकांविरुद्ध तुर्कांनाच भाड्याने बोलावत होते.

हे सगळं बघायला अल्प अर्सलान उरला नाही. कैरोलाही तो गेला नाही. १०७२ च्या शरदात तो उलट्या दिशेला, पूर्वेला, काराखानी राजावर निघाला. ऑक्सस नदीवर पूल बांधून फौज पार करायला वीसहून जास्त दिवस लागले म्हणतात. तिथे एका लहानशा गढीचा किल्लेदार, यूसुफ नावाचा, पकडून त्याच्यासमोर आणला. चार खुंटांना ताणून मारायची शिक्षा झाली. यूसुफने भर दरबारात शिव्या घातल्या, की मर्दाला असं मारतात का. सुलतान भडकला. पहारेकऱ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः धनुष्य उचललं. त्याचा नेम कधी चुकत नसे. दाढीमिशा इतक्या लांब, की बाण मारताना तो त्यांना गाठ मारायचा, अशी ख्याती. त्या दिवशी नेम चुकला. यूसुफ लपवलेला सुरा घेऊन धावला. सुलतान तख्तावरून उठताना अडखळला आणि सुरा लागला. यूसुफला एका फर्राशाने, म्हणजे तंबू लावणाऱ्या नोकराने, मोगरीने डोक्यात घालून मारलं. भोवती हजारो सैनिक उभे होते!

सुलतान त्यानंतर चार दिवस जगला. आदल्या दिवशी टेकडीवरून आपली फौज पाहताना पायाखालची जमीन हादरल्यासारखी वाटली आणि आता आपल्याला कोण हरवणार असं मनात आलं, हे त्याने मरताना कबूल केलं, असं लिहिलेलं आहे. नोव्हेंबर १०७२. वय चाळिशीच्या थोडं पुढे. मर्व्हला वडिलांच्या शेजारी पुरलं. मुलगा मलिकशाह गादीवर आला, अठरा-एक वर्षांचा. वजीर तोच राहिला आणि पुढची वीस वर्षं राज्य सुरळीत चाललं. या मलिकशाहाच्याच पदरी उमर खय्यामने ती प्रसिद्ध जलाली दिनदर्शिका करून दिली, पण तो वेगळा लेख होईल.

आणि अनातोलिया? ज्याला अल्प अर्सलानने जिंकूनही घेतलं नाही, ते घेतलं सुलेमानने. कुतलमिशच्या मुलाने. काही वर्षांतच त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या उंबरठ्यावरच्या निकिया शहरात, आजच्या इझनिकमध्ये, बस्तान बसवलं आणि घराण्याची दुसरी शाखा सुरू केली. १०९५ मध्ये घाबरलेल्या बायझंटाईन सम्राटाने पोपकडे मदत मागितली आणि त्यातून पहिलं क्रुसेड निघालं. तुर्कस्तानात आज २६ ऑगस्ट थाटात साजरा होतो. मँझिकर्टला आता मलाझगिर्त म्हणतात. तुर्कमेनिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांनी तर २००२ मध्ये महिन्यांची नावंच बदलून ऑगस्टला अल्प अर्सलान करून टाकलं होतं. २००८ मध्ये ते पुन्हा ऑगस्ट झालं.

परवा पार्टनरने ती लढाई परत लावली. तो पहिल्याच तासात हरला. सम्राटाला पकडून काय करायचं ते गेममध्ये विचारतच नाहीत, अशी त्याची तक्रार आहे.